अर्ध्या टक्क्याचा चोर

१

एकाच बँकेत, एकाच दिवशी, एकाच खिडकीवर उभं राहून दोन भावांनी आवर्ती ठेव उघडली. हप्ता दरमहा दहा हजार, मुदत दीड वर्ष. मुदत संपली, पैसे खात्यांत जमा झाले, आणि धाकट्याच्या पासबुकात थोरल्यापेक्षा सातशे बारा रुपये कमी निघाले.

आता सातशे रुपयांनी कुणाचं घर बुडत नाही. पण ज्योतीराम आणि समाधान हे जुळे भाऊ. थोरला-धाकटा म्हणायचं ते घटकाभराच्या फरकानं. त्यांच्या आईनं, सावित्रीबाईनं, दोघांना जन्मापासून सगळं निम्मं निम्मं दिलेलं. जिलबी आणली तर मोडून, शर्टाचं कापड आणलं तर एकाच ताग्यातलं. काळेवाडीत त्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांचे पैसेसुद्धा दरमहा बरोब्बर अर्धे व्हायचे आणि तेच या ठेवीत जायचे. त्यामुळे समाधाननं दोन्ही पासबुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा त्याला पैसे कमी दिसले नाहीत, अन्याय दिसला.

"सोहेलनं खाल्ले," असं तो अन्वरभाईच्या गॅरेजमध्ये चारचौघांत म्हणाला. सोहेल अन्वरभाईचा मुलगा, बँकेचा एजंट. दोघा भावांचे हप्ते घरून नेऊन तोच भरायचा. अन्वरभाईच्या हातातला पाना तसाच राहिला. ज्या बाकावर समाधान वीस वर्षं चहा पीत आला होता, त्याच बाकावरून हे शब्द आले होते.

"गुरुवारी लेखी तक्रार देणार बँकेत," समाधान म्हणाला. गुरुवारी आपल्या या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी आणि बँका चालू, त्यामुळे कामगारांची सगळी बँकेची कामं गुरुवारीच निघतात. आणि तक्रार लेखी गेली की एजंटचं कलेक्शन त्याच दिवशी बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चोरी शाबीत होवो न होवो, एकदा बंद झालेल्या एजंटकडे पुन्हा कोण पैसे देतो? सोहेलची भाकरी गुरुवारपर्यंतची होती.

बाकाच्या टोकाला बबनराव बसले होते. ही बँक त्यांनीच सुचवली होती, त्यामुळे त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि हिशोब तपासायला दोन्ही पासबुकं मागून घेतली.

२

बबनराव रहाटणीला राहायचे. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद लागलेला, तो म्हणजे व्याजदरांचा. दर महिन्याच्या सुरुवातीला पिंपळे सौदागरच्या एसीवाल्या बँकांपासून काळेवाडीच्या जिन्याखालच्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे फिरून यायचे. कोण किती देतो, मध्येच मोडली तर किती कापतो, हप्ता चुकला तर दंड किती, सगळं तोंडपाठ. गल्लीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी ठेव ठेवत नसे. त्यांची बायको इंदुताई म्हणायची, "पाव टक्क्यासाठी साठ रुपये रिक्षाला घालतात, आणि वर मलाच काटकसर शिकवतात." बबनरावांना ते ऐकूच जायचं नाही.

असा हा माणूस, आणि त्यालाच उत्तर येईना. त्यांचं डोकं अगदी भंजाळून गेलं.

त्यांनी सोहेलला गॅरेजच्या मागच्या बाजूला घेतलं. पोरगा दोन दिवसांत सुकला होता.

"काका, आज तीन घरांनी हप्ता दिला नाही," तो म्हणाला. "म्हणाले, राहू दे, आमचं आम्ही भरू. घरी बायकोला, रुबीनाला, अजून सांगितलं नाही मी."

"बँकेत विचारलंस?"

"विचारलं. साहेब म्हणतात, खातेदाराची माहिती खातेदारालाच. आणि तक्रार आली की मग बघू."

"ठेवीच्या पावत्यांवर दर छापलेला असतो, त्या कुठं आहेत?"

"मुदत संपली की पावती बँक परत घेते, काका. दोघांनी देऊन टाकल्या. आधी तरी कुणी वाचल्या होत्या? तुम्ही सांगितलं होतं ना, मग पावत्या गेल्या कपाटात."

हे मात्र बबनरावांना लागलं. त्यांनी पासबुकं पुन्हा उघडली. पहिला संशय दंडाचा. सोहेलनं समाधानचे हप्ते वापरून उशिरा भरले असते, तर दंड कापला गेला असता. पण तारखा जुळत होत्या. ज्या दिवशी ज्योतीरामचा हप्ता, त्याच दिवशी समाधानचा. एकही पुढंमागं नाही. दुसरा संशय कराचा, पण एवढ्याशा व्याजावर बँक कर कापत नाही.

मग त्यांनी उलटा हिशोब मांडला. समाधानला मिळालेलं व्याज कुठल्या दराचं? साडेसात टक्के, म्हणजे त्यांनीच सांगितलेला दर. त्यात एक पैसाही कमी नव्हता. मग ज्योतीरामचं? तिथं आकडा आठ टक्क्यांवर गेला.

बबनराव बघतच राहिले. धाकट्याचे पैसे कुणी खाल्लेच नव्हते. उलट थोरल्यालाच अर्धा टक्का जास्त मिळाला होता. आणि अर्धा टक्का जास्त बँक एकाच माणसाला देते, ज्यानं ठेव उघडताना साठी ओलांडलेली असते त्याला.

"ज्येष्ठ नागरिकाचा दर," ते म्हणाले. "पण ते जुळे आहेत रे. एक ज्येष्ठ आणि एक नाही, असं कसं?"

"तेच तर, काका," सोहेल म्हणाला. "दोघांची आधार कार्डं मी पाहिली होती. दोघांचीही जन्मतारीख एक जून."

३

बुधवारी संध्याकाळी बबनराव भावांच्या घरी गेले. खाली ज्योतीराम, वर समाधान, आणि सावित्रीबाई महिनाभर खाली, महिनाभर वर. हा महिना खालचा होता.

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली, गुडघ्यामुळं, असं सगळी गल्ली जाणून होती. तोही चाकणला बबनरावांच्याच कंपनीत होता, फक्त बबनराव त्याच्या बरेच आधी बाहेर पडलेले. समाधान भोसरीच्या एका कारखान्यात, अजून शिफ्टला जाणारा. तोही कामावरून येऊन दाराशी उभा राहिला, हाताची घडी घालून. ज्योतीरामची बायको मंजुळाबाई चहा ठेवायला आत गेली, पण तिचे कान बाहेरच होते.

"मावशी, पोरं कधीची तुमची?" बबनरावांनी सावित्रीबाईला विचारलं.

"दिवाळीतली," म्हातारी लगेच म्हणाली. "लक्ष्मीपूजनाच्या सकाळी झाली. घरात एकबी पणती लावाया मिळाली न्हाई मला. आता गेल्या दिवाळीला साठ भरली की दोघास्नी. साठ दिव्यांनी ववाळलं मी, इचारा मंजुळाला."

बबनरावांनी मनात वजाबाकी केली. गेल्या दिवाळीला साठ, म्हणजे ठेव उघडली तेव्हा दोघंही साठच्या आत. मग आठ टक्के दोघांपैकी कुणालाच मिळायला नको होते. गुंता सुटायच्या ऐवजी वाढला.

"शाळेत दोघं बरोबरच?" त्यांनी असंच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"कुठलं बरुबर? समाध्याला गोवर निघाला, त्यातनं छातीत कफ. लई हाल झाले लेकराचे. ज्योत्या उंच, दांडगट, घरात ऱ्हाईना, म्हणून त्याला लवकरच धाडला मास्तरकडं. ह्यो मागनं गेला."

"आई, ते राहू दे," समाधान मध्येच बोलला. "बबनराव, तुम्ही दर काय काढला ते सांगा."

बबनराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सांगून टाकलं. ज्योतीरामला ज्येष्ठाचा दर लागलाय, कसा ते कळत नाही.

समाधान दारातून आत आला. मग भावाकडं वळला. "म्हणजे वय खोटं लावलंस. सोहेलला हाताशी धरून. एका आईच्या पोटातनं एका सकाळी आलो आपण, आणि अर्ध्या टक्क्यासाठी तू मला सोडून म्हातारा झालास?"

ज्योतीराम रागावला नाही, नाही म्हणाला नाही. मान खाली घालून गुडघा चोळत बसला. निर्दोष माणूस असा बसतो का, हे बबनरावांना समजेना, आणि चोर असा बसतो का, तेही समजेना. त्यांनी नजर वर केली, तर समोर भिंतीवर कंपनीचं मोठं गोल घड्याळ, आणि त्यात सात वाजत आलेले.

"उद्या तक्रारीत दोन नावं जाणार," समाधान म्हणाला आणि जिना चढून गेला.

मंजुळाबाईनं चहा आणला. तिचे डोळे भरले होते. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "बोला की आता. किती दिवस गप्प राहायचं?" ज्योतीरामनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती पुन्हा आत निघून गेली.

४

बबनराव घरी आले ते तोंड पाडूनच. इंदुताईनं ताट वाढलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आपलं घड्याळ बंद पडलंय," ती म्हणाली. "सेल आणायला तीन वेळा सांगितलं. सगळ्या जगाचे दर लक्षात राहतात, सेल मात्र राहत नाही."

बबनरावांनी वर बघितलं. तेच गोल घड्याळ. कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरांत शुभेच्छा. त्यांना ते निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर मिळालं होतं.

"इंदू, सरपोतदार मध्येच सोडून गेला होता, आठवतं? हार्टचं झालं म्हणून. त्याला घड्याळ दिलं होतं का?"

"कुठलं? त्याची बायको किती दिवस बोलून दाखवत होती. एवढी वर्षं राबला आणि साधं घड्याळ नाही दिलं म्हणून. वय पूर्ण करून जाईल त्यालाच देतात म्हणे."

हातातला घास बबनरावांनी ताटात ठेवला.

कंपनी मध्येच सोडणाऱ्याला घड्याळ देत नाही. ज्योतीरामच्या भिंतीवर घड्याळ आहे. म्हणजे तो गुडघ्यामुळं बाहेर पडलाच नव्हता, कंपनीनं त्याला वय पूर्ण झालं म्हणून निरोप दिला होता. पावणेदोन वर्षांपूर्वी, कंपनीच्या मते, ज्योतीराम साठ वर्षांचा होता. बँकेच्याही मते तेच. मग खोटं नक्की कोण बोलत होतं?

कुणीच नाही, हे त्यांना हळूहळू उमगायला लागलं. पोरं दिवाळीत जन्मली आणि कागदावर तारीख एक जून. दिवाळी जूनमध्ये कधी येते? खेड्यातल्या मास्तरांची ही जुनी रीत. पोराच्या जन्माची नोंद नाही, आईबापांना तारीख सांगता येत नाही, शाळा जूनमध्ये उघडते, मग टाका एक जून आणि वर्ष मागं मोजून सहा पूर्ण करा. बबनरावांच्या स्वतःच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला होता. ज्योतीराम उंच होता, लवकर गेला, पाच वर्षांचाही नसताना मास्तरांनी त्याला सहाचा केला. समाधान आजारातून उठून दोन वर्षांनी गेला, तेव्हा मास्तरांनी त्यालाही सहाचाच केला. तारीख एकच पडली, वर्षं दोन निघाली. आणि तारीख सारखी म्हणून साठ वर्षांत कुणी वर्षाकडं पाहिलंच नाही, घरच्यांनी नाही, सोहेलनं नाही, आणि दर तोंडपाठ असलेल्या बबनरावांनीही नाही.

चोर सापडला होता, आणि तो कधीच वारलेला एक मास्तर होता. पण बबनरावांना आनंद होईना. ज्योतीरामला हे नक्की माहीत होतं. सख्खा भाऊ तोंडावर चोर ठरवतोय, दोन दिवस एका निर्दोष पोराची रोजी जातेय, आणि हा माणूस एक वाक्य बोलत नाही. गुडघ्याची थाप तर त्यानं पावणेदोन वर्षं चालवली. कशासाठी?

५

गुरुवारी सकाळी बँक उघडायच्या आत बबनरावांनी ज्योतीरामला घराबाहेर, नळाच्या कट्ट्यापाशी गाठलं. सगळं सांगितलं. ज्योतीरामनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "कंपनीनं बोलावलं आणि सांगितलं, साठ झाली, या आता. मी म्हटलं, साहेब, अजून अठ्ठावन्न आहे मी. ते म्हणाले, कागदावर साठ आहे. माझा दोन वर्षांचा पगार गेला, बबनराव. बदल्यात बँकेनं सातशे बारा रुपये दिले."

"मग भावाला सांगायचं होतंस."

"त्याला सांगितलं असतं तर तो गॅरेजमध्ये बोलला असता, गॅरेजमधून भोसरीला जायला किती वेळ? त्याच्या कागदावर यंदाच्या जूनला साठ. अजून चार महिने आहेत. त्याचा जुळा भाऊ पावणेदोन वर्षांपूर्वीच साठ झाली म्हणून निवृत्त झाला हे त्याच्या कंपनीत कुणी कुजबुजलं, तर वयाची चौकशी लावतील. त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, सगळं अडकवतील. माझं गेलं ते गेलं. त्याचं तरी पूर्ण होऊ दे." तो थांबला. "सोहेलचं वाईट वाटतं हो. काल दोनदा उठलो त्याच्या घरी जायला. पण काय सांगणार होतो?"

जिन्याच्या खालच्या पायरीवर समाधान उभा होता. धुतलेला शर्ट, खिशात घडी केलेली तक्रार. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ज्योत्या," तो म्हणाला, "गुडघा दुखत नाही तुझा?"

"थोडा दुखतो," ज्योतीराम म्हणाला.

समाधान त्याच्याजवळ आला आणि कट्ट्यावर बसला, मोठ्यानं रडायला लागला. नळावर पाणी भरणाऱ्या बाया बघायला लागल्या. तक्रार त्यानं खिशातून काढली, त्यात स्वतःच्याच हातानं लिहिलं होतं, आम्ही दोघे जुळे असून आमचे वय एकच आहे. त्यानं ती फाडून तुकडे मुठीत घट्ट धरले.

"आता सोहेलचं काय?" बबनराव म्हणाले.

समाधाननं मुठीतल्या तुकड्यांकडं पाहिलं. तक्रार फाडली तरी बोललेला शब्द गल्लीभर फिरला होता. सोहेल चोर नाही हे चारचौघांत सांगायचं, तर चारचौघं विचारणार, मग फरक कशाचा? आणि खरं उत्तर दिलं की चार महिन्यांत ते भोसरीला पोचणार. खरं सांगावं तर समाधानचं जाणार, न सांगावं तर सोहेलचं.

गॅरेज उघडलं होतं. सुट्टीचा दिवस, त्यामुळे बाक भरलेला, चारपाच जण गाड्या घेऊन उभे. सोहेल कोपऱ्यात बापाच्या स्टुलावर बसला होता. समाधान पुढं झाला, तशी सगळ्यांची बोलणी थांबली.

"सोहेलनं पैसे खाल्लेले नाहीत," समाधान म्हणाला. "मी चुकलो. सगळ्यांच्या देखत माफी मागतो."

"असं कसं, भाऊ?" एकानं लगेच विचारलं. "पासबुकात फरक आहे ना? मग तो कुठून आला?"

समाधाननं तोंड उघडलं आणि त्याला पुढं बोलता येईना. अन्वरभाई त्याच्याकडं बघत होता. जमलेल्यांपैकी एकदोघांच्या ओठांवर हसू आलं, मिटवामिटवी झाली असेल तसं. सोहेलनं मान खाली घातली.

"फरक माझ्यामुळं आला," बबनराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले.

"दोघांना ठेव मीच सांगितली होती. त्या बँकेच्या दोन योजना होत्या, मला नीट कळल्याच नाहीत. थोरल्याला चांगली सांगितली, धाकट्याला हलकी सांगितली. काल बसून हिशोब केला तेव्हा लक्षात आलं. सातशे बारा रुपये माझ्या चुकीनं गेले. सोहेलनं पै न पै भरलेली आहे, तारखा मी स्वतः तपासल्यात."

कुणीतरी खो खो हसलं. "काय राव बबनराव, एवढं फिरता, आणि तुम्हालाच कळलं नाही?" दुसरा म्हणाला, "माझीपण ठेव तुमच्याच सांगण्यावरनं आहे, बघायला पाहिजे आता." बबनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी फक्त मान हलवली, हो, बघून घ्या. समाधान काही बोलायला निघाला, तसा त्यांनी त्याचा दंड धरला.

अन्वरभाईनं हात पुसले आणि मुलाला म्हणाला, "सोहेल, काकांना चहा सांग."

पुढच्या महिन्यात सोहेलचं कलेक्शन होतं तेवढं झालं, वर चार घरं वाढली. समाधाननं तर चौघांना स्वतः नेऊन त्याच्याकडं खाती उघडायला लावली. बबनराव सवयीनं बँका फिरून आले आणि बाकावर येऊन बसले. शेजारी एक नवीन पोरगा ठेव ठेवायची म्हणून चौकशी करत होता आणि कुणीतरी त्याला सौदागरची एक बँक सांगत होतं, सगळ्यात जास्त दर तिथंच मिळतो म्हणून. तिथला दर गेल्याच आठवड्यात उतरला होता, आणि काळेवाडीतच पाव टक्का जास्त मिळत होता.

बबनरावांनी तोंड उघडलं. पोरगा त्यांच्याकडं वळला, तसा सांगणारा हसून म्हणाला, "त्यांना नको विचारू." बबनरावही हसले, आणि चहाचा कप हातात घेऊन गप्प बसले.